सर सय्यद अहमद खान : ठरवलेले पुन्हा ठरवणारा माणूस

निकालाचे दिवस आले की आपल्या समाजातील अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलाला डॉक्टर करायचे, असे वडिलांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलेले असते. मुलगी शिक्षिका होणार, असे अम्मीने साऱ्या नातेवाइकांना सांगून ठेवलेले असते. मग कधी गुण कमी पडतात, कधी वडिलांची नोकरी जाते, कधी घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो आणि सगळा बेत कोलमडतो. अशा वेळी काही घरांत अपयशापेक्षाही मोठी शरम वाटते ती ठरवलेले सोडावे लागल्याची. लोक काय म्हणतील या धास्तीने कित्येक विद्यार्थी न झेपणाऱ्या वाटेवर दोन-दोन, तीन-तीन वर्षे घालवतात. दुसरीकडे काही जण पहिल्याच ठेचेला पुस्तके बांधून माळ्यावर टाकतात आणि नशिबाला बोल लावत बसतात.

या दोन्ही प्रकारच्या घरांसाठी मरहूम सर सय्यद अहमद खान यांचे चरित्र पुन्हा एकदा सांगावेसे वाटते. अलीगढच्या विद्यापीठाचा पाया घालणारे पुरुष एवढी त्यांची ओळख आपल्या शाळकरी मुलांनाही असते. पांढरी लांब दाढी आणि डोक्यावर तुर्की टोपी असलेले त्यांचे चित्र आपण पाहिलेले असते. ते चित्र पाहून असे वाटते की हा माणूस लहानपणापासूनच अलीगढ डोळ्यांपुढे ठेवून चालला असावा. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. अलीगढची शाळा सुरू झाली तेव्हा सर सय्यद ५७ वर्षांचे होते. तोपर्यंत त्यांनी अनेक बेत केले होते, त्यांपैकी काही परिस्थितीने मोडले होते आणि काही त्यांनी स्वतःच्या हाताने मोडले होते. त्यांच्या थोरवीचे मोठे रहस्य या मोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात आहे.

हवेलीतला तरुण आणि कचेरीतली नोकरी

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. घराणे मोगल दरबाराशी जोडलेले होते. आजोबा, म्हणजे आईचे वडील, ख्वाजा फरीदुद्दीन अहमद हे बादशहा दुसरे अकबरशहा यांचे वजीर होते आणि गणिताचे जाणकार म्हणून त्यांची ख्याती होती. वडील मीर मुत्तकी विरक्त वृत्तीचे होते. घराचे वळण राखले ते आई अझीझुन्निसा बेगम यांनी. मुलाला शिस्त लावणारी, नोकरांशीही न्यायाने वागायला शिकवणारी ही माऊली होती.

अशा घरातील मुलाने काय व्हावे, हे त्या काळी ठरलेलेच असे. थोडे फारसी, थोडे अरबी, थोडे गणित, थोडी हकिमी शिकावी, पोहावे, तिरंदाजी करावी, मैफलींना जावे आणि पुढे दरबारी मानमरातबावर जगावे. तरुण सय्यद अहमद यांनी हे सारे केले. अभ्यास मात्र अर्धवटच राहिला.

१८३८ मध्ये वडील वारले आणि चित्र पालटले. दरबारातून मिळणारे बहुतेक उत्पन्न थांबले. लाल किल्ल्यातला मान शिल्लक होता, पण मानावर घर चालत नाही. एकवीस वर्षांच्या सय्यद अहमद यांनी तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या दिल्लीतील न्यायकचेरीत साधी नोकरी धरली. घरच्यांना हे रुचले नाही. वजिराच्या नातवाने कंपनीच्या कचेरीत कागद हाताळावेत, ही गोष्ट अनेकांना कमीपणाची वाटली. पण दरबाराचे दिवस संपत आले आहेत, हे त्या तरुणाने ओळखले होते.

नोकरी धरल्यावर त्यांनी नवे लक्ष्य ठरवले. कारकुनीत न राहता न्यायखात्यात वर चढायचे. दिवाणी कायद्यांचा अभ्यास केला, मुन्सफीची परीक्षा दिली आणि १८४१ मध्ये मैनपुरीला मुन्सफ म्हणून नेमणूक मिळवली. पुढे फतेहपूर सिक्रीला बदली झाली. १८४२ मध्ये बादशहा बहादुरशहा जफर यांनी त्यांना घराण्याचा किताब दिला. तो त्यांनी आदराने स्वीकारला, पण पोटासाठी भरवसा ठेवला तो आपल्या परीक्षेवर आणि कामावर.

तिशीतला विद्यार्थी

थोरल्या भावाचे अकाली निधन झाले आणि आई एकटी पडली. तिच्याजवळ राहता यावे म्हणून सय्यद अहमद यांनी १८४६ मध्ये दिल्लीला बदली करून घेतली. येथे त्यांनी एक गोष्ट केली, जी आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. तिशीच्या उंबरठ्यावर असलेला, बायकोमुले असलेला, मुन्सफाच्या खुर्चीवर बसणारा हा माणूस सुटलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा दिल्लीतील उस्तादांपुढे जाऊन बसला. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला वय आडवे येत नाही, हे त्यांनी भाषण करून सांगितले नाही, करून दाखवले.

याच काळात त्यांना दिल्लीच्या जुन्या इमारतींचे वेड लागले. सुटीच्या दिवशी ते पडक्या मशिदी, मकबरे, किल्ले मोजत हिंडत. कुतुबमिनाराच्या उंचावरचे शिलालेख खालून वाचता येईनात, तेव्हा त्यांनी मचाणाला टोपली टांगली आणि तीत बसून वर जाऊन अक्षरे उतरवून घेतली. खाली उभे असलेले मित्र घाबरून जात. या कष्टातून १८४७ मध्ये ‘आसारुस्सनादीद’ हा ग्रंथ निघाला. पहिल्या आवृत्तीची भाषा त्या काळच्या रीतीप्रमाणे अलंकारांनी जडवलेली होती. ग्रंथाचे नाव झाले. दुसरा कोणी असता तर तेच पुस्तक मिरवत राहिला असता. सय्यद अहमद यांनी ते पुन्हा लिहायला घेतले. भाषा साधी केली, माहिती तपासून घेतली, दिल्लीतील नामवंतांवरील सबंध प्रकरण काढून टाकले आणि १८५४ मध्ये नवी आवृत्ती काढली. या ग्रंथाचे पुढे फ्रेंच भाषांतर झाले आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सभासद करून घेतले.

त्याच वर्षांतील आणखी एक गोष्ट आज वाचताना गंमत वाटते. १८४८ च्या सुमारास त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती आणि तीत पृथ्वी फिरत नाही, असे प्रतिपादन केले होते. जुन्या ग्रंथांतून जे शिकले ते त्यांनी मांडले. हाच माणूस सोळा वर्षांनी सायंटिफिक सोसायटी स्थापन करतो. मधल्या काळात त्यांनी वाचले, विचारले, पडताळले आणि आपले जुने मत टाकून दिले. छापून प्रसिद्ध केलेले मत बदलायला मनाचा मोठेपणा लागतो.

१८५५ मध्ये बिजनौरला असताना त्यांनी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’ची संपादित आवृत्ती तयार केली आणि मिर्झा गालिब यांच्याकडे प्रशंसापर प्रस्तावना मागितली. गालिब यांनी फारसी पद्य लिहून दिले, पण त्यात प्रशंसा नव्हती. जुन्या राज्याचे कायदेकानू उकरत बसण्यापेक्षा वाफेची यंत्रे आणि तारायंत्र आणणाऱ्या नव्या काळाकडे पाहावे, असा त्याचा रोख होता. सय्यद अहमद यांना ते लागले. त्यांनी ते पद्य पुस्तकात घेतले नाही. काही काळ दोघांत दुरावाही आला. पण दहा वर्षांच्या आतच त्यांचे स्वतःचे जीवन त्याच दिशेला वळले. वडीलधाऱ्याचा कडू सल्ला ऐकताक्षणी पटत नाही. तो मनात राहिला तर वेळ येताच उगवतो.

१८५७ : मिसर की हिंदुस्थान?

१८५७ च्या मे महिन्यात उठाव झाला तेव्हा सय्यद अहमद बिजनौरला सदर अमीन होते. तेथील इंग्रज बायकामुलांचे प्राण त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवले. इंग्रजांशी राखलेल्या या निष्ठेबद्दल त्यांच्यावर तेव्हा टीका झाली आणि पुढेही होत राहिली. परंतु या धामधुमीची झळ त्यांच्या घरालाही तितकीच बसली. दिल्ली इंग्रजांनी परत घेतली तेव्हा त्यांचे जवळचे नातेवाईक मारले गेले. वृद्ध आईने घर सोडून आसरा घेतला होता आणि घोड्याच्या दाण्यावर दिवस काढले होते. पाणीही संपले होते. मुलगा शोधत पोचला, तिला मेरठला घेऊन गेला, पण थोड्याच दिवसांत ती माऊली अल्लाहला प्यारी झाली.

सरकारने निष्ठेचे बक्षीस म्हणून त्यांना मोठी जहागीर देऊ केली. ती एका उद्ध्वस्त झालेल्या मुसलमान घराण्याकडून जप्त केलेली होती. सय्यद अहमद यांनी ती नाकारली. दुसऱ्याच्या राखेवर आपला वाडा बांधणे त्यांना मंजूर नव्हते.

त्यांचे मन मात्र पार खचले होते. ज्या दिल्लीच्या भिंती त्यांनी मोजल्या होत्या, ती दिल्ली उरली नव्हती. हा देश सोडून मिसर, म्हणजे इजिप्त, येथे कायमचे निघून जावे, असे त्यांनी ठरवले. हे ठरवणे वावगे नव्हते. चाळिशीचा, विद्वान म्हणून नाव असलेला माणूस तेथे शांतपणे जगू शकला असता. पण पुढे मुरादाबादला असताना त्यांनी हा बेत पुन्हा तपासून पाहिला. आपला समाज संकटात असताना आपल्यापुरती सुरक्षित जागा शोधणे त्यांना भ्याडपणाचे वाटू लागले. मिसरचा बेत त्यांनी सोडला. त्या काळजीच्या दिवसांत त्यांचे केस पांढरे झाले, असे ते पुढे सांगत.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करा. जहागीर नाकारणे हा एक निर्णय आणि मिसर नाकारणे हा दुसरा. दोन्ही वेळा सोपी वाट समोर होती. बेत बदलण्याचे कारण प्रत्येक वेळी सोय हेच असते असे नाही. कधी कधी माणूस सोपे सोडून अवघडाकडे वळतो.

राहायचे ठरले तेव्हा करायचे काय, हा प्रश्न आला. प्रथम त्यांनी लेखणी उचलली. उठाव का झाला, राज्यकर्त्यांच्या कोणत्या चुका नडल्या, याचे परखड विवेचन करणारे ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ हे पुस्तक त्यांनी १८५९ मध्ये छापले. सरकारी नोकरीत राहून हे करणे म्हणजे गळ्यावर सुरी ठेवून घेणे होते. त्याच वर्षी मुरादाबादला त्यांनी शाळा काढली. १८६० च्या दुष्काळात अन्नछत्राची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि उपाशी माणसांच्या रांगा त्यांनी जवळून पाहिल्या. १८६१ मध्ये पत्नी वारली. मागे तीन मुले होती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. न्यायाधीशाचे काम, मुलांचे संगोपन आणि शिक्षणाचे कार्य एवढाच त्यांचा संसार राहिला.

भाषांतरांचा बेत

१८६२ मध्ये त्यांची बदली गाझीपूरला झाली. आता त्यांच्या डोक्यात एक योजना पक्की झाली होती. पश्चिमेतील विद्या आपल्या लोकांना हवी, पण इंग्रजी शिकणारे थोडे. तेव्हा ती विद्याच उर्दूत आणावी. यासाठी जानेवारी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदू, मुसलमान आणि इंग्रज असे तिन्ही तिचे सभासद होते. इतिहास, अर्थशास्त्र, शेती अशा विषयांवरील पुस्तकांची भाषांतरे सुरू झाली. बदलीबरोबर सोसायटी अलीगढला आली. १८६६ पासून तिचे इंग्रजी-उर्दू गॅझेट निघू लागले. १८६७ मध्ये तर देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ सरकारने काढावे, असा अर्जही त्यांच्या पुढाकाराने गेला.

हा बेत उदात्त होता आणि त्यांनी त्यावर अनेक वर्षे खर्च केली. पण अडचणी दिसू लागल्या. एक पुस्तक भाषांतरित होऊन छापून येईपर्यंत त्या विषयातली विद्या पुढे गेलेली असे. विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत, वरच्या जागा इंग्रजी जाणणाऱ्यांना, मग भाषांतरे वाचून मुलाने पुढे जायचे कोठे? त्यातच देशी भाषा म्हणजे उर्दू की हिंदी, हा वाद बनारसला पेटला आणि एकत्र चाललेल्या मंडळींत फूट पडली.

सर सय्यद यांनी हा बेत एका रात्रीत टाकला नाही. इंग्लंडमध्ये असतानाही मातृभाषेतून ज्ञान हेच त्यांचे मत होते. पण अनुभव साचत गेला आणि १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्वच्छ मान्य केले की या विचाराचा पहिला पुरस्कार करणाऱ्यांत आपण होतो आणि अनुभवाने आपल्याला तो बदलावा लागला. स्वतः स्थापन केलेल्या संस्थेच्या मूळ कल्पनेबद्दल असे भर आयोगापुढे सांगणे सोपे नव्हते.

यावरून मातृभाषेतले शिक्षण वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. मराठी आणि उर्दू माध्यमातून शिकून मोठी झालेली माणसे आपल्या समाजात कमी नाहीत. मुद्दा एवढाच की त्या काळच्या त्या मुलांपुढची दारे कोणत्या किल्लीने उघडतात, हे त्यांनी पाहिले आणि आपल्या आवडत्या योजनेपेक्षा मुलांचे हित वरचे मानले.

मुंबईच्या बंदरातून

१८६९ मध्ये धाकटा मुलगा सय्यद महमूद याला इंग्लंडला शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. सर सय्यद यांनी स्वतःही जायचे ठरवले. वय ५१ वर्षांचे. इंग्रजी कामापुरतीच येत होती. पैसा नव्हता. घर गहाण टाकले, जपलेली पुस्तके विकली. एप्रिलच्या उन्हात बनारसहून प्रवास सुरू झाला. जबलपूर आणि नागपूर तेव्हा रेल्वेने जोडलेले नव्हते. तो टप्पा रस्त्याने काटून मंडळी नागपूरला आली आणि तेथून आगगाडीने मुंबईला पोचली. १० एप्रिल १८६९ रोजी मुंबईच्या बंदरातून ‘बडोदा’ या आगबोटीने ते निघाले.

इंग्लंडला जाण्यामागे एक हेतू असा होता की सर विल्यम म्यूर यांनी हजरत पैगंबरांच्या चरित्रावर लिहिलेल्या ग्रंथाला अभ्यासपूर्ण उत्तर द्यावे. लंडनच्या ग्रंथालयांत बसून त्यांनी ते लिहिले आणि १८७० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. छपाईच्या खर्चाने ते इतके टेकीस आले की घरातली तांब्याची भांडी विकावी लागली तरी विका, पण पैसे पाठवा, अशा अर्थाचे पत्र त्यांनी मित्राला धाडले.

पण गेले एका कामासाठी आणि परतले दुसरेच काम डोक्यात घेऊन. केंब्रिजला त्यांनी वसतिगृहे पाहिली, मुले एकत्र जेवतात, खेळतात, वाद घालतात हे पाहिले. केवळ पुस्तकांनी माणूस घडत नाही, सहवासाने घडतो, ही गोष्ट मनावर ठसली. भाषांतराची सोसायटी पुरेशी नाही, निवासी विद्यालय हवे, हे तेथे ठरले. म्हणजे पन्नाशी उलटल्यावर या माणसाने आयुष्यातील सर्वांत मोठे लक्ष्य हाती घेतले.

अलीगढ : मोठे स्वप्न, लहान सुरुवात

ऑक्टोबर १८७० मध्ये ते परतले आणि डिसेंबरात ‘तहजीबुल अखलाक’ हे मासिक सुरू केले. त्याच महिन्यात बनारसला शिक्षणप्रसारासाठी समिती नेमली. मुसलमान मुले सरकारी शाळांत का येत नाहीत, यावर निबंध मागवले, कारणे गोळा केली आणि मगच योजना आखली. आधी पाहणी, मग आखणी, ही त्यांची रीत होती.

मनात होते केंब्रिजसारखे विद्यापीठ. हाती होता तुटपुंजा निधी. त्यांनी विद्यापीठाची वाट पाहत शाळा अडवून धरली नाही. २४ मे १८७५ रोजी अलीगढला एक शाळा उघडली. १८७६ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन ते तेथेच राहायला आले आणि ८ जानेवारी १८७७ रोजी मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. कॉलेजचे दार हिंदू विद्यार्थ्यांनाही उघडे होते. येथून पहिली पदवी घेणारे विद्यार्थी ईश्वरी प्रसाद होते.

विरोध कडवा झाला. त्यांच्या धार्मिक मतांवरून फतवे निघाले, थेट मक्केहूनही आणले गेले. तेव्हा सर सय्यद यांनी जी तडजोड केली ती विचार करण्यासारखी आहे. आपली मते त्यांनी सोडली नाहीत, पण कॉलेजातील धार्मिक शिक्षण त्यांनी इतरांच्या हाती सोपवले आणि आपली मते त्यापासून दूर ठेवली. पालकांना भीती वाटते ती माझ्या मतांची, तेव्हा माझ्या मतांपायी मुलांचे शिक्षण अडू नये, हा हिशेब होता. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब मनात ठेवावा.

पैशासाठी त्यांनी काय केले नाही? लॉटरी काढली, पुस्तकांचे दुकान मांडून बसले, लोकांच्या हसण्याची पर्वा न करता रंगमंचावर उभे राहिले. गंमत म्हणजे पूर्वीच्या मोडलेल्या बेतांतले काहीच वाया गेले नव्हते. न्यायखात्यातील तीस-पस्तीस वर्षे नियम आणि ठराव लिहिण्यास उपयोगी पडली. जुन्या इमारती मोजणारा डोळा कॉलेजच्या इमारती उभारताना कामास आला. दुष्काळातील व्यवस्थेचा अनुभव वसतिगृहात उपयोगी पडला. जुन्या वाटेवरचे चालणे नव्या वाटेवर पायांना बळ देते.

जे बदलले नाही

चरित्र सांगताना उणे झाकून ठेवणे बरे नव्हे. काही बाबतीत सर सय्यद यांनी आपले मत बदलले नाही. मुलींच्या शिक्षणाबद्दल त्यांचे म्हणणे असे की आधी पुरुष शिकू द्यात, मग स्त्रिया आपोआप शिकतील. घरात आईने घडवलेल्या माणसाने आणि इंग्लंडच्या वाटेवर आगबोटीत स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या मेरी कार्पेंटर यांची भेट झालेल्या माणसाने हे म्हणावे, याचे नवल वाटते. त्यांच्या योजनेत कारागीर आणि कष्टकरी वर्गापेक्षा खानदानी घराण्यांच्या मुलांचा विचार अधिक होता, हेही खरे आहे.

राजकारणातही मतभेद होते. १८८७ मध्ये मुंबईचे बदरुद्दीन तय्यबजी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि सर सय्यद यांनी मात्र मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. तय्यबजी हे मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. शिक्षणाची तळमळ दोघांना सारखीच होती. सर सय्यद यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या शिक्षण परिषदेचे अधिवेशन १९०३ मध्ये मुंबईला भरले तेव्हा अध्यक्षस्थानी हेच बदरुद्दीन तय्यबजी होते. सर सय्यद तेव्हा हयात नव्हते. मतभेदाच्या वर कार्य राहिले, ही समाधानाची गोष्ट.

शेवटची वर्षे दुःखाची गेली. १८९५ मध्ये कॉलेजच्या हिशेबात एका नोकराने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केल्याचे उघडकीस आले. घरातही ताप होते. २७ मार्च १८९८ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले, तेही स्वतःच्या घरी नव्हे, एका मित्राच्या घरी. मागे संपत्ती अशी काही नव्हती. कॉलेजच्या मशिदीजवळ त्यांना दफन केले.

त्यांनी न बदललेले मत त्यांच्या मागून आलेल्यांनी बदलले. १९०६ मध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी अलीगढलाच मुलींची शाळा काढली. १९२० मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले तेव्हा पहिल्या कुलपती झाल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. संस्थापकाच्या बेतातही पुढच्या पिढीने दुरुस्ती केली आणि त्यात संस्थापकाचा अनादर झाला नाही.

आपल्यासाठी

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? बेत बदलणे म्हणजे हार नव्हे, हे तर आहेच. पण नुसते तेवढे घेतले तर धरसोड करणाऱ्यालाही सबब मिळेल. सर सय्यद यांच्या बदलांत एक शिस्त होती. दर वेळी त्यांनी परिस्थिती डोळे उघडून पाहिली. दर वेळी जुन्या कामातले उपयोगी पडेल ते बरोबर घेतले. एक बेत सोडला तो दुसरा हाती धरूनच, रिकाम्या हाताने बसण्यासाठी नाही. आणि आपल्या हट्टापेक्षा दुसऱ्यांचे हित मोठे मानण्याचा प्रयत्न केला.

म्हणून वर्षातून एकदा, निकाल लागल्यावर म्हणा किंवा ईद झाल्यावर म्हणा, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. मुलानेही बसावे, मुलीनेही बसावे. आपण काय ठरवले होते आणि का ठरवले होते, हे आठवावे. ती कारणे अजून उरली आहेत का, हे पाहावे. मुलाचा कल, घरची ऐपत, आजचा काळ यांचा मेळ बसतो का, ते मोकळेपणाने बोलावे. विज्ञान शाखेत जीव रमत नसेल तर वाणिज्य किंवा तंत्रशिक्षण ही पायरी खाली उतरणे नव्हे. घरच्या अडचणीने शाळा सुटली असेल तर रात्रशाळा आहे, बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय आहे. तिशीच्या उंबरठ्यावर उस्तादापुढे बसलेला मुन्सफ आठवावा. आणि लग्न ठरले म्हणून मुलीचे शिक्षण थांबवण्याचा बेत कोणी केला असेल, तर सर्वांत आधी तोच बेत पुन्हा तपासून पाहावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांनी या वर्षी ठरवलेले कदाचित पुढच्या वर्षी तसे राहणार नाही. त्याने खचू नका. वाट बदलावी लागली तर नवी वाट नीट निवडा, तिच्यावर मनापासून चाला आणि पुढे गेल्यावर मागून येणाऱ्या एकाला तरी हात द्या. अल्लाहताला तुम्हां सर्वांना यश देवो.